काल तीन अवस्था, आज त्याच वेगळ्या : हिडन मार्कोव्ह मॉडेल स्थिर उत्तर देत नसेल तर काय तपासायचं

गेल्या बुधवारी रात्री साडेदहाला मेसेज आला. "ताई, काल तीन अवस्था आल्या होत्या, गाइडना दाखवूनही झाल्या. आज तीच फाइल, तोच कोड, आणि निकाल वेगळा! काल जी संथ अवस्था तिसऱ्या नंबरवर होती ती आज पहिल्या नंबरवर आहे. उद्या गाइडना काय सांगू?"

मानसशास्त्रात पीएचडी करणारी मुलगी. प्रयोग तसा साधा आहे. स्क्रीनवर अक्षरांची जुळणी दिसते, तो खरा शब्द आहे की नाही हे बटण दाबून सांगायचं. २४ जण, प्रत्येकाच्या ३०० ट्रायल (एक जुळणी आणि तिचं उत्तर म्हणजे एक ट्रायल), म्हणजे ७,२०० ओळी. माणूस या तीनशे ट्रायल एकाच पद्धतीने सोडवतो की मध्येच त्याची पद्धत बदलते, हे तिला शोधायचं होतं. पद्धत डोळ्यांना दिसत नाही. दिसतो तो फक्त उत्तराला लागलेला वेळ. म्हणून हिडन मार्कोव्ह मॉडेल: लपलेली अवस्था एका ट्रायलकडून दुसऱ्या ट्रायलकडे सरकते, कधी तीच राहते, कधी बदलते, आणि प्रत्येक अवस्थेत वेळेचे आकडे वेगळे पडतात असं ते मानतं.

हा प्रश्न माझ्याकडे वर्षातून आठ-दहा वेळा तरी येतो. कधी प्रश्नावलीचा डेटा आणि लेटंट क्लास अ‍ॅनालिसिस (उत्तरांवरून माणसांचे लपलेले गट, म्हणजे वर्ग, शोधणं), कधी प्राण्यांच्या गळ्यातल्या, हालचाल नोंदवणाऱ्या कॉलरचे आकडे, पण तक्रार हीच. दर वेळी मेसेजवर तुकड्यातुकड्याने सांगते, आणि पुढच्या वेळी पहिले पाढे पंचावन्न. म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी एक विनंती. उत्तर बदलतंय म्हणून सेट-सीड लावून मोकळे होऊ नका. मॉडेलचा शोध दर वेळी यादृच्छिक आकड्यांपासून सुरू होतो. सीड, म्हणजे त्या आकड्यांचं बीज, ठरवून टाकलं की तोच यादृच्छिक प्रारंभ दर वेळी मिळतो आणि उत्तर बदलायचं थांबतं, पण दुखणं जिथल्या तिथेच असतं, फक्त दिसेनासं होतं. पेपरच्या शेवटी कोड देताना सीड हवंच, त्याबद्दल वाद नाही. पण ते निदान झाल्यावर लावायचं. आधीच लावलेलं असेल तर ते काढा आणि उत्तर बदलू द्या. ते कसं बदलतंय यातच सगळी माहिती आहे.

पहिला आकडा बघायचा तो लॉग-लाइकलीहूड

"उत्तर बदलतं" या एका तक्रारीमागे तीन वेगळी दुखणी असतात. एक, उत्तर तेच आहे, फक्त अवस्थांचे नंबर बदललेत. दोन, शोध दर वेळी वेगळ्या जागी अडकतोय. तीन, डेटामध्ये तशा अवस्थाच नाहीत, किंवा डेटा मॉडेलला चुकीच्या पद्धतीने दिला गेलाय. तिन्हींवर उपाय वेगळे. ते न ओळखता औषध सुरू केलं तर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशी गत होते.

ओळखायला मॉडेल पन्नास वेळा चालवा, दर वेळी वेगळ्या यादृच्छिक प्रारंभापासून. प्रत्येक वेळचं लॉग-लाइकलीहूड (बसवलेल्या मॉडेलनुसार आपला डेटा किती संभाव्य, याचा लॉग; मोठा तितका चांगला) लिहून ठेवा आणि मोठ्याकडून लहानाकडे लावा. इतर काही बघू नका.

यादीच्या वरच्या टोकाला एकच आकडा दशांशापर्यंत पुन्हापुन्हा दिसत असेल तर शोध नीट चाललाय, आणि बदलतंय ते फक्त अवस्थांचं नाव. वरच्या टोकाचा आकडा पन्नासात एकदाच आला असेल आणि खाली प्रत्येक आकडा वेगळा असेल तर शोध अडकतोय. आणि वरचे दोन-चार आकडे जवळजवळ सारखे, पण त्यांच्यातल्या अवस्थांचं वर्णन पूर्ण वेगळं असेल, तर तिसऱ्या दुखण्याची शंका घ्या. डेटा दोन वेगळ्या गोष्टींना सारखाच दुजोरा देतोय, म्हणजे त्याला एवढ्या अवस्था पेलत नाहीत.

त्या मुलीने रात्रीच पन्नास वेळा चालवलं. सर्वांत मोठा आकडा पन्नासपैकी एकतीस वेळा आला होता, तंतोतंत तोच. म्हणजे काल आणि आज उत्तर एकच होतं. फक्त कालची तिसरी अवस्था आज पहिली झाली होती.

हे का होतं ते समजून घेतलं की भीती जाते. मॉडेलच्या दृष्टीने अवस्थांना क्रम नसतोच. पहिलीला दुसरी म्हटलं आणि दुसरीला पहिली, तर लाइकलीहूड तसूभरही बदलत नाही. तीन अवस्थांचे नंबर सहा प्रकारे लावता येतात, आणि सहाही उत्तरं तितकीच बरोबर. उपाय दोन ओळींचा आहे: निकाल आला की अवस्था सरासरी वेळेनुसार लावून घ्यायच्या आणि मग नंबर द्यायचे. सगळ्यात वेगवान ती पहिली, बस. ट्रान्झिशनच्या, म्हणजे एका अवस्थेतून दुसरीत जाण्याच्या संभाव्यतांच्या, तक्त्याच्या ओळी आणि स्तंभ दोन्ही त्याच क्रमाने फिरवायला विसरू नका; फक्त ओळी फिरवून ठेवलेले तक्ते मी प्रबंधात पाहिलेत.

शोध खरोखर अडकत असेल तर

ही मॉडेल बहुतेक ठिकाणी ईएम (एक्स्पेक्टेशन-मॅक्झिमायझेशन) पद्धतीने, म्हणजे अंदाज पायरीपायरीने सुधारत, बसवली जातात. हिडन मार्कोव्हसाठी लिओनार्ड बाउम आणि सहकाऱ्यांनी ती १९७० मध्ये मांडली, आणि १९७७ मध्ये डेम्पस्टर, लेअर्ड आणि रुबिन यांनी तिला सर्वसाधारण रूप दिलं. तिचा गुण असा की प्रत्येक पायरीला लाइकलीहूड वाढतं किंवा तेवढंच राहतं, कमी कधीच होत नाही. आणि तोच तिचा दोषही. दाट धुक्यात सह्याद्रीत फक्त चढाच्या दिशेने पावलं टाकत राहिलं तर माणूस कुठल्या तरी माथ्यावर नक्की पोचतो, पण तो माथा १,६४६ मीटरच्या कळसूबाईचा की शेजारच्या टेकाडाचा, हे पायांना कळत नाही.

म्हणून पुष्कळ ठिकाणांहून निघायचं. आर या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमधलं, लेटंट क्लाससाठीचं पोएलसीए पॅकेज वापरणाऱ्यांनी इथे विशेष लक्ष द्यावं. त्यात एनरेप हा पर्याय सांगितला नाही तर ते एकदाच प्रारंभ करतं आणि जे मिळेल ते छापतं. मी तो किमान ५० ठेवते, वर्ग पाच-सहा असतील तर २००. हिडन मार्कोव्हसाठीच्या डेपमिक्स-एस-फोर पॅकेजमध्ये मल्टीस्टार्ट हे फंक्शन आहे, ते वापरा. दुसरा मार्ग म्हणजे प्रारंभीच्या किमती शहाणपणाने देणं: आकड्यांचा हिस्टोग्राम काढा, उंचवटे दिसतील तिथे सरासऱ्या ठेवा, आणि ट्रान्झिशनच्या तक्त्याच्या कर्णावर, म्हणजे तीच अवस्था टिकण्याच्या संभाव्यतांच्या जागी, ०.९ च्या आसपास आकडे भरा. वर्तनाच्या अवस्था सहसा टिकाऊ असतात, त्यामुळे हा अंदाज क्वचितच वाया जातो.

कधी कधी यादीत वरचा एक आकडा इतरांपेक्षा फारच मोठा येतो आणि त्या उत्तरात एका अवस्थेचं प्रमाण विचलन जवळजवळ शून्य असतं. आनंदून जाऊ नका. एखादी अवस्था एकाच आकड्यावर जाऊन बसली की तिथे घनता अनंताकडे धावते आणि लाइकलीहूड फुगतं. बहुतेक वेळा तो आकडा टाइमआउटचा असतो: उत्तर आलं नाही म्हणून यंत्राने १५०० किंवा ३००० लिहून ठेवलेलं. कॉलरच्या डेटात तो शून्य असतो, प्राणी झोपलेला किंवा कॉलर बंद. अशा नोंदी वेगळ्या काढा, त्यांना उत्तर नाही असं नोंदवा, किंवा विचलनाला खालची मर्यादा घाला.

सरावाला स्पीड डेटा घ्या

तुमच्या डेटावर डोकं आपटण्याआधी ही पायरी करा. डेपमिक्स-एस-फोर पॅकेजसोबत स्पीड नावाचा डेटा येतो. एका सहभागी व्यक्तीच्या ४३९ ट्रायल, तीन सत्रांत: १६८, १३४ आणि १३७. कामही शब्द की अ-शब्द हेच. प्रत्येक ट्रायलला लागलेला वेळ लॉगमध्ये, उत्तर बरोबर की चूक, आणि त्या वेळी अचूकतेला किती बक्षीस होतं याचं प्रमाण. वेगाला बक्षीस जास्त की अचूकतेला, हे प्रयोगात हळूहळू बदलत नेलं होतं. प्रश्न असा होता की माणूस त्यासोबत हळूहळू बदलतो, की विचार करून उत्तर देण्यापासून अंदाजपंचे बटण दाबण्यावर एकदम उडी मारतो.

फक्त वेळ हा एकच स्तंभ घेऊन, सगळ्या ओळी एकच सलग मालिका धरून, एका अवस्थेचं मॉडेल बसवलं तर लॉग-लाइकलीहूड उणे ३०५.३३ येतं, बीआयसी (मॉडेल जितकं गुंतागुंतीचं तितका दंड लावणारा निकष; कमी तितका बरा) ६२२.८३. दोन अवस्था दिल्या की उणे ८४.३४ आणि २११.२८. फरक बघा केवढा आहे. संथ अवस्थेची सरासरी ६.३८५, वेगवान अवस्थेची ५.५१०. लॉग उलटवला की पहिली साधारण ५९३ मिलिसेकंद, दुसरी २४७. संथ अवस्थेत असलेला माणूस पुढच्या ट्रायललाही तिथेच राहण्याची संभाव्यता ०.९१६, वेगवान अवस्थेत ०.८८४.

या दोन आकड्यांतून अवस्था किती काळ टिकते ते लगेच काढता येतं: एक भागिले, एकातून ती संभाव्यता वजा. संथ अवस्था सरासरी १२ ट्रायल, वेगवान साडेआठ. हा हिशेब प्रत्येक मॉडेलनंतर कराच. माझ्या अनुभवात चुकीचं मॉडेल पकडण्याचा याहून सोपा मार्ग नाही, आणि पुढची सगळी गोष्ट यावरच फिरली.

तुमच्या संगणकावर हे आकडे आले तर तुमचा कोड ठीक आहे आणि शंका डेटावर घ्यायची. आले नाहीत तर चूक कोडमध्ये आहे. हे आकडे एनटाइम्स न देता आलेले आहेत, ते दिलं तर थोडे बदलतील; पण स्वतःच्या डेटावर ते द्यायला विसरू नका. एनटाइम्स म्हणजे प्रत्येक मालिका किती ओळींची, हे मॉडेलला सांगणं. ते दिलं नाही तर तिन्ही सत्रं एकाच सलग मालिकेसारखी वाचली जातात, आणि पहिल्या सत्राच्या शेवटच्या ट्रायलनंतर दुसऱ्याची पहिली ट्रायल जणू लगेच आली असं मॉडेल धरतं. मालिका शेकडो ओळींच्या असतील तर याने फार बिघडत नाही. पण प्रत्येकाच्या वीसच नोंदी असतील, तर दर वीस ओळींना एक खोटी उडी तुम्ही स्वतः मॉडेलला शिकवत असता.

तिची तिसरी अवस्था

तर त्या मुलीचं नंबरांचं दुखणं पाच मिनिटांत मिटलं. तिने "थँक्यू ताई" लिहून अंगठाही पाठवला. मी म्हटलं, थांब, ट्रान्झिशनचा तक्ता पाठव.

दोन अवस्था ठीक होत्या. तिसरी, सगळ्यात संथ, स्वतःवर परत येण्याची संभाव्यता ०.०४. म्हणजे ती सरासरी एकच ट्रायल टिकत होती. माणूस वेगाने उत्तरं देतोय, मध्येच एक ट्रायल संथ, लगेच पुन्हा वेगाने. तिने या अवस्थेला 'क्षणिक अवधानभंग' असं नाव दिलं होतं, त्यावर दीड पान लिहिलं होतं, आणि गाइडना तेच सगळ्यात आवडलं होतं.

मला नाव पटलं नाही असं नाही. लक्ष उडणं एका ट्रायलचं असू शकतं. पण एकाच ट्रायलपुरती टिकणारी अवस्था ही मार्कोव्ह अर्थाने अवस्थाच नव्हे, ती विखुरलेल्या बिंदूंची एक टोपली आहे. अशी टोपली दिसली की मी एक चाचणी करायला सांगते. प्रत्येक व्यक्तीच्या ट्रायलचा क्रम पत्ते पिसल्यासारखा पिसा आणि मॉडेल पुन्हा बसवा. टिकणाऱ्या अवस्था पिसल्यावर मोडतात: सरासऱ्या साधारण त्याच राहतात, पण कर्णावरचे आकडे कोसळतात आणि लॉग-लाइकलीहूड घसरतं. पिसल्यावर काहीच बिघडलं नाही, तर डेटामध्ये काळाचा धागा नव्हताच आणि साधं मिश्र मॉडेल, म्हणजे क्रम न बघता आकडे गटांत वाटणारं, पुरे होतं.

तिच्या बाबतीत भलतंच झालं. वेगवान आणि मध्यम अवस्था अपेक्षेप्रमाणे मोडल्या. पण पिसण्याआधीच्या क्रमात तिसऱ्या अवस्थेच्या जागा कुठे आहेत ते बघायला मी सांगितलं, तर तिने पाठवलेली यादी अशी होती: ओळ क्रमांक १३, २४, ३५, ४६, ५७. प्रत्येक सहभागी व्यक्तीत. दर अकराव्या ओळीला.

माणसांचं लक्ष असं घड्याळ लावून उडत नाही. चोवीस वेगळ्या माणसांचं तर नाहीच.

मी तिला फक्त ट्रायल क्रमांकाचा स्तंभ पाठवायला सांगितला, वरून तीस ओळी. १, १०, १००, १०१, १०२, असं करत १०९, मग ११, मग ११०, १११, असं ११९ पर्यंत, आणि मग १२.

तिचं सॉफ्टवेअर फाइलमध्ये ट्रायल क्रमांकाच्या आधी एक शब्द जोडतं. तिने तो शब्द कापून टाकला, पण उरलेला क्रमांक आकडा न होता मजकूरच राहिला. मग व्यक्ती आणि ट्रायल अशा क्रमाने फाइल लावली, आणि संगणकाने मजकूर जसा लावतात तसा लावला, अक्षर अक्षर बघून. त्यात १०९ नंतर ११ येतो आणि मग ११०. अकरावी ट्रायल म्हणजे प्रयोगाची अगदी सुरुवात, हात बसलेला नसतो, बटणं सवयीची नसतात, उत्तर सावकाश येतं. ती सावकाश ट्रायल शंभर-सव्वाशे ट्रायल सराव झालेल्या वेगवान ट्रायलच्या मध्ये जाऊन बसली. पुढे २०९ नंतर २१. मॉडेलने प्रामाणिकपणे सांगितलं की वेगवान ओळींमध्ये मधूनच एक संथ ओळ येते. खरंच येत होती, फाइलमध्ये.

स्तंभ आकड्यात बदलला, पुन्हा लावला, पुन्हा बसवलं. तिसऱ्या अवस्थेची टिकण्याची संभाव्यता ०.९ च्या वर गेली, आणि ती सगळी पहिल्या तीस-चाळीस ट्रायलमध्ये येऊन बसली. अवधानभंग नव्हता, सराव होत होता. म्हणून मग ट्रायल क्रमांकाचा उतार सरासरीत घातला, म्हणजे ट्रायल वाढेल तशी सरासरी बदलू दिली, आणि अवस्था दोनच ठेवल्या. बीआयसीनेही तेच सुचवलं.

त्या रात्री ती रडवेली झाली होती, कारण दीड पान गेलं. मला त्याचं खरंच वाईट वाटलं. पण हे पान परीक्षकांसमोर जाण्याआधी गेलं. फाइल हाती आली की मॉडेलच्या आधी प्रत्येक व्यक्तीच्या पहिल्या चाळीस ओळी डोळ्यांनी वाचा. ट्रायल क्रमांक, वेळ, बरोबर-चूक, एवढंच. सरसर खाली नजर फिरवायलाही पाच मिनिटं लागतात.

अवस्था वाढवाल तितकं बीआयसी कमीच होत राहतं

ही दुसरी नेहमीची तक्रार. दोनपेक्षा तीन बऱ्या, तीनपेक्षा चार, पाचवरही बीआयसी उतरतंच आहे, थांबायचं कुठे?

याचं मूळ फार जुनं आहे. प्राणिशास्त्रज्ञ वेल्डनने नेपल्सच्या १,००० खेकड्यांची मापं घेतली होती, ती १८९४ मध्ये संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सनने अभ्यासली. कपाळाच्या रुंदीचं गुणोत्तर एका बाजूला झुकलेलं होतं. पिअर्सनने त्यात दोन प्रसामान्य वक्र बसवले, त्यासाठी नवव्या घाताचं समीकरण हाताने सोडवलं. तिथून मिश्र मॉडेल सुरू झाली, आणि सोबत हा प्रश्नही: आकार झुकलेला आहे म्हणून आत दोन गट आहेत, की गट एकच आहे आणि तो मुळातच झुकलेला आहे? नुसत्या आकारावरून हे सांगता येत नाही. २००३ मध्ये बाउअर आणि करन यांनी वाढीच्या मिश्र मॉडेलांबाबत हे नीट दाखवलं: गट एकच असला पण वितरण प्रसामान्य नसलं, तरी मॉडेल एकापेक्षा जास्त वर्ग काढतं आणि निकष त्या वर्गांनाच पसंती देतात.

रिअ‍ॅक्शन टाइमचं, म्हणजे उत्तराला लागलेल्या वेळेचं, वितरण उजवीकडे लांब शेपूट असलेलं असतंच. ते कच्चं मिलिसेकंदात दिलं की एक अवस्था शेपटीसाठी खर्च होते, कधी दोन. लॉग घ्या, किंवा गामासारखं वितरण द्या, आणि मग बघा किती अवस्था उरतात. दिवसाची वेळ, सराव, थकवा, यांचे उतार मॉडेलमध्ये नसतील तर तेही अवस्थेचं रूप घेऊन येतात, वर पाहिलंच. प्राण्यांच्या हालचालींबाबत पोले, लँगरॉक आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये याच दुखण्यावर लिहिलं, आणि त्यांचा सल्ला मी मनापासून पाळते: निकषांवर आंधळेपणाने विसंबू नका, प्रत्येक जादाची अवस्था नेमकं काय भरून काढतेय ते बघा.

आणि एक फसगत इथे फार होते. चोवीस माणसांत काही जात्याच सावकाश असतात, काही चटकन. सगळ्यांचे आकडे एकत्र टाकले की मॉडेल अवस्थांऐवजी माणसं शोधून काढतं. व्यक्ती उभ्या आणि अवस्था आडव्या असा तक्ता करा, प्रत्येक घरात किती ट्रायल ते भरा. एक व्यक्ती जवळजवळ पूर्ण एकाच अवस्थेत, दुसरी पूर्ण दुसरीत, असं दिसलं तर तुम्हाला पद्धत बदललेली सापडली नाही, स्वभावभेद सापडलाय. प्रत्येकाच्या आकड्यांतून त्याची स्वतःची सरासरी वजा करा किंवा व्यक्तीनुसार बदलणारी सरासरी मॉडेलमध्ये घाला.

थांबण्याची खूण म्हणून मला सगळ्यात विश्वासाची वाटते ती बाजूला ठेवलेल्या डेटावरची परीक्षा. काही सत्रं मॉडेलला दाखवायचीच नाहीत, आणि शिकलेलं मॉडेल त्यांना किती संभाव्य ठरवतं ते बघायचं. उंदरांच्या निर्णयांवरचं २०२२ मधलं नेचर न्यूरोसायन्समधलं काम याचा चांगला नमुना आहे. उंदीर पडद्यावरच्या पट्ट्या डावीकडे दिसल्या की उजवीकडे ते बघून छोटं चाक फिरवतो. सोप्या ट्रायललाही तो कधी कधी चुकतो. पूर्वी या चुका केव्हाही होणारी चूक म्हणून एका स्थिर प्रमाणात गणल्या जायच्या. तिथे बाजूला ठेवलेल्या डेटावर दिसलं की अवस्था बदलणारं मॉडेल जुन्या मॉडेलपेक्षा भाकीत चांगलं करतं: एका अवस्थेत उंदीर पट्ट्यांकडे बघून वागतो, बाकीच्यांत एका बाजूकडे कललेला असतो, आणि या अवस्था काही डझन ट्रायलपासून कधी शेकडो ट्रायलपर्यंत टिकतात. टिकण्याचा काळ इथेही बघा.

नाव देण्याआधी

मॉडेल नाव देत नाही. ते सरासरी, विचलन आणि संभाव्यता देतं. 'अवधानभंग', 'प्रेरित', 'थकलेली' ही आपण चिकटवलेली नावं, आणि पुरावा नसेल तर नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. म्हणून मॉडेलला न दिलेला एक तरी स्तंभ राखून ठेवा.

स्पीड डेटात हे फार सुरेख दिसतं. वर मी मॉडेलला फक्त वेळ दिला होता, बरोबर-चूक दिलंच नव्हतं. आता प्रत्येक ट्रायल कुठल्या अवस्थेत पडते ते काढा आणि दोन्ही ढिगांमधली अचूकता मोजा. संथ अवस्थेत बहुतेक उत्तरं बरोबर, वेगवान अवस्थेत नाणेफेकीच्या आसपास. तेव्हा म्हणता येतं की वेगवान अवस्था म्हणजे अंदाजाने बटण दाबणं. वेळेवरून शोधलेल्या अवस्थेबद्दल अचूकतेने स्वतंत्र साक्ष दिली.

दा. ध. कोसंबींनी तक्षशिलेच्या आहत (ठसे ठोकलेल्या प्राचीन) नाण्यांबाबत नेमकं हेच केलं होतं. गणिती माणूस, पुण्यात राहणारा, नाण्यांचं वजन करत बसला. नाणं हातोहात फिरतं तसं झिजतं, म्हणजे वजनाच्या वितरणात किती काळ ते चलनात होतं हे दडलेलं असतं. पण नुसत्या वजनावर ते थांबले नाहीत. नाण्याच्या मागच्या बाजूवरच्या खुणा जितक्या जास्त, तितकं सरासरी वजन कमी, हे त्यांनी दाखवलं, आणि चलनातली आधुनिक नाणी तोलून झीज खरंच तशी होते का तेही पडताळलं. लपलेली गोष्ट सांगणारा एक आकडा, आणि त्याला साक्ष देणारा दुसरा, वेगळ्या वाटेने आलेला.

अवस्था काढल्यावर त्या स्तंभ म्हणून पुढच्या विश्लेषणात टाकायच्या असतील तर एक सांगते. प्रत्येक ट्रायलला किंवा व्यक्तीला सगळ्यात संभाव्य वर्गात ठेवून पुढे साधं रिग्रेशन चालवलं की वर्गीकरणातली चूक हिशेबात येत नाही आणि संबंध खरे असतात त्यापेक्षा फिके दिसतात. यासाठी तीन पायऱ्यांची दुरुस्त पद्धत आहे, बोल्क, क्रून आणि हाहेनार्स यांची २००४ ची, आणि वर्मुंट यांनी २०१० मध्ये सुधारलेली. लेटंट क्लासची काही सॉफ्टवेअर ती देतात. वर्ग एकमेकांपासून स्पष्ट वेगळे असतील तर फरक थोडा पडतो, धूसर असतील तर फार.

त्या मुलीने शनिवारी सगळं पुन्हा केलं. दोन अवस्था, पन्नासपैकी सत्तेचाळीस वेळा तेच लॉग-लाइकलीहूड, संथ अवस्था सरासरी १९ ट्रायल टिकणारी, वेगवान ७. बरोबर-चूकचा स्तंभ तिने मॉडेलला दिला नव्हता. रविवारी सकाळी तिने दोन्ही अवस्थांमधली अचूकता काढून पाठवली. संथमध्ये ९३ टक्के, वेगवानमध्ये ५८. खाली लिहिलं होतं, "ताई, अजून नाव दिलेलं नाही. आधी प्रत्येक व्यक्तीचा तक्ता बघते."